गाऱ्हाण्याचं रसग्रहण

रसग्रहण शिकवून शिकवून मला कवितेचा कंटाळा आला आहे, हे मी स्टाफरूममध्ये उघड बोलते. नव्याने लागलेल्या मास्तरांना ते रुचत नाही. मराठीच्या बाईने असं बोलू नये असं त्यांना वाटतं. वाटू दे. बारावीच्या वर्गाला दरवर्षी तेच सांगायचं: आधी आशय, मग काव्यसौंदर्य, मग भाषा. अलंकाराचं नुसतं नाव लिहू नका, ओळ द्या. यमक कुठे जुळतं ते दाखवा. आणि पेपरात दरवर्षी तेच वाचायचं, 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत भावना मांडल्या आहेत.' कोणते शब्द, कुठली भावना, काही पत्ता नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून माझेच हात दुखायला लागले आहेत. एखादी कविता मला शेवटची कधी मनापासून आवडली, हे आठवायचं म्हटलं तरी आठवत नाही.

तेव्हा मी जे सांगते आहे ते कवितेच्या प्रेमापोटी घडलेलं नाही. बाबांची वाचा गेली होती आणि शिमगा जवळ येत होता, म्हणून घडलं.

बाबा गावी असायचे, संगमेश्वरच्या आतल्या अंगाला, वाडीवर. दिवाळीनंतर भात झोडून झालं, पेंढा रचून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पडवीतच कोसळले. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. रत्नागिरीच्या दवाखान्यातून सोडताना त्यांना न्यायचं कुठे हा प्रश्न फार वेळ चर्चेला राहिला नाही. भाऊ मुंबईला, त्याची खोली लहान, त्याची रजा संपलेली. त्याचंही खोटं नव्हतं. मी एकटी राहते. घर रिकामं, बाई मोकळी, असा हिशेब सगळ्यांनी परस्पर करून टाकला. कॉलेजच्या वेळात खालच्या मजल्यावरच्या मावशी त्यांच्याजवळ बसायच्या, बाकी वेळ मी.

पाय हळूहळू परत आला. काठी घेऊन ते स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागले. बोलणं मात्र एका शब्दावर येऊन थांबलं. तो शब्द म्हणजे 'मंग'. चहा हवा का, मंग. दुखतंय का, मंग. आज वार कोणता, मंग. समजत त्यांना सगळं होतं. डोळ्यांतून आम्हाला ते स्पष्ट दिसायचं, आणि बोलायला तोंड उघडलं की बाहेर यायचं ते 'मंग'. एकदा माझ्या हातून गरम चहा त्यांच्या पायावर सांडला तेव्हा मात्र त्यांनी एक अस्सल शिवी दिली, अगदी स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. मला इतका आनंद झाला की मी मावशींना वर हाक मारून सांगितलं. मावशी म्हणाल्या, चला, निदान पुरुषमाणूस आहे एवढं तरी कळलं.

वाचा शिकवायला आठवड्यातून एक मुलगी यायची. शांत, हुशार. तिने मला समजावलं की डोक्यात बोलण्याच्या दोन जागा असल्यासारखं समजा. एक ताजं जुळवून बोलण्याची, दुसरी पाठ झालेल्या बोलण्याची. पहिली बिघडली तरी दुसरी पुष्कळदा शाबूत राहते. अंक, आरत्या, गाणी, शिव्या त्या दुसऱ्या जागेतून येतात. तिने सांगितलं की पाठ असलेलं काहीतरी म्हणवून घ्या, तोंडाला वळण राहील, पुढचं पुढे. मी अंक म्हणवून घेतले. आरती सुरू करून दिली की बाबा ओढत ओढत शेवटापर्यंत न्यायचे, पण कंटाळलेल्या पोरासारखे. आरती त्यांची नव्हती. ते तिच्यात सगळ्यांच्या मागून टाळ्या वाजवणारे गृहस्थ.

त्यांचं स्वतःचं होतं ते गाऱ्हाणं.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. आमच्या वाडीत ती पहिल्यांदा आमच्या अंगणात टेकते आणि तिथे साऱ्या वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. एक माणूस हात जोडून मोठ्याने ओळ म्हणतो आणि भोवती जमलेले गडी प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ओळ म्हणायचा मान आमच्या घराचा. मला कळायला लागल्यापासून तो बाबांनी चालवला होता. एरवी ज्याच्या तोंडून चार शब्द ओढून काढावे लागत तो माझा बाप त्या दिवशी पालखीसमोर उभा राहिला की अंगणाच्या कडेची आंब्याची कलमंसुद्धा ऐकत असतील असं वाटायचं.

जानेवारीत काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, वाडीतलं वरचं घर. वरच्या घराचं पहिल्यापासून म्हणणं की हा मान मूळचा त्यांचा, आमच्या आजोबांनी गोड बोलून खाली आणला. भांडण जुनं, रोजच्या जेवणासारखं झालेलं, कुणी त्यावरून चिडतही नाही. पण नियम पक्का आहे. ज्याच्या तोंडून गाऱ्हाणं गेलं त्याच्या घरी मान गेला. आजारपणाची सबब देव ऐकेल, वाडी ऐकत नाही. काकांनी बाबांची विचारपूस केली, काजूच्या मोहोराचं सांगितलं आणि मग मुद्द्यावर आले.

"बाय, तुजा बापूस बोलला तर बोलला. नायतर मी हाय."

फोन स्पीकरवर होता. त्या रात्री बाबांनी डाव्या हाताने ताट पुढे सारलं आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्धंच जेवले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने ओळी म्हणण्याच्या एका हक्कासाठी उपाशी राहावं, याचा मला रागच आला. मी दिवसभर वर्गात घसा फोडून आलेली, घरी येऊन अंथरूण बदलायचं, त्यांना आंघोळ घालायची, त्यात हा रुसवा. मी म्हटलं, गेला मान तर जाऊ दे, काय खायला घालतो का तो? बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझा बाप रडताना मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

तेव्हा मी जे मला येतं तेच करायला बसले. गाऱ्हाणं आठवून आठवून उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर उतरवून काढलं. लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे जवळजवळ सगळं आलं. 'व्हय म्हाराजा' मी लिहिलं नाही. ते बाबांचं नव्हतंच, आणि ध्रुवपद प्रत्येक कडव्याखाली पुन्हा पुन्हा कोण लिहितो? शिवाय ते माझ्या तोंडी कधी आलेलंही नव्हतं. आम्ही बायका ओटीचं ताट घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या असायचो. होकार द्यायचा तो अंगणातल्या गड्यांनी.

कागदावर ते उतरलं तेव्हा मी जरा ताठ बसले, हे खरं सांगते. आयुष्यभर कानावर पडलेलं, पण कविता म्हणून त्याच्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला संबोधन: वरच्या वाडीच्या, खालच्या वाडीच्या, कातळावरच्या आनी वहाळाकाठच्या म्हाराजा. म्हणजे देवाला हाक मारता मारता वरच्या कातळापासून खालच्या ओढ्यापर्यंत गावाची सीमा आखून घेतली. मग उभं राहण्याची रीत: तुजी लेकरा तुज्या पायाशी हुबी हायत, हात जोडून, मान मोडून. मग माफी: चुकला माकला पोटात घे, आला गेला पाठीशी घाल. मग मागणं: गुराढोरांना चारा दे, पोराबाळांना थारा दे. इथे चारा आणि थारा असं चोख यमक. पण त्याच्या पुढच्या ओळीत, मुंबैला गेला त्याला वाट दे, घरी ऱ्हायला त्याला भात दे, इथे यमक नाही. वाट आणि भात यांत जुळतो तो नुसता 'आ'. कानाला मात्र ते यमकच वाटतं, कारण ओळीचे दोन्ही अर्धे सारख्या वजनाचे आहेत आणि 'दे' दोन्हीकडे सारखं आपटतं. ओवी म्हणावी तर ओवी नाही, अभंग म्हणावा तर अभंग नाही. मात्रा मोजल्या तर कुठलंच माप बसत नाही. माप आहे ते एका श्वासाचं. एका दमात जेवढं म्हणता येईल तेवढी ओळ.

मी विचार केला की बाबांच्या डोक्यात हे गाऱ्हाणं कशाने बांधलेलं आहे ते सापडलं की ते ओढून बाहेर काढता येईल. मी लाल शाईने यमकं खुणावली, हिरव्या शाईने अनुप्रास, जोडशब्दांखाली रेघा मारल्या. मी पहिला शब्द द्यायचा, बाबांनी पुढे न्यायचं. 'वरच्या' म्हटल्याबरोबर बाबांनी पूर्ण ओळ म्हटली. जड जिभेने, पण पूर्ण, कातळासकट, वहाळासकट. आणि ओळ संपली तिथे ते थांबले. मी वाट पाहिली. काही नाही. मी पुढच्या ओळीचा पहिला शब्द दिला. ते माझ्याकडे बघत राहिले, मग तीही ओळ म्हणाले आणि पुन्हा ठप्प.

असं महिनाभर चाललं. कॉलेजातून यायचं, चहा द्यायचा आणि बसायचं. प्रत्येक ओळ म्हणायचे, पण एकटी. दुसऱ्या ओळीवर त्यांचं पाऊल आपसूक कधी पडलंच नाही. पहिला शब्द दिला की त्यांचा चेहरा त्रासून जायचा, मी त्यांचं बोलणं मध्येच तोडते आहे असा. मी यमकाचे शब्द वाढवून वाढवून म्हणायचे, चारा, चारा, मग काय, थारा. पहिलीच्या मुलांना शिकवतात तसं. त्यांना लाज वाटायची आणि मला स्वतःची. वाचा शिकवणारी मुलगी म्हणाली की कदाचित एवढंच शिल्लक असेल, सुटे सुटे तुकडे. मी तिच्यासमोर मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं एकदाचं, आता हात टेकू या. मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायला घेतले होते. बाबा समोरच्या खुर्चीत बसलेले. सवय म्हणून मी पहिला शब्द दिला आणि पेपरात डोकं घातलं. हातातल्या पेपरात एका पोराने लिहिलं होतं, 'सदर कवितेत कवीने कवितेतून कविता मांडली आहे.' बाबांची ओळ संपली. मी वर न बघता, वैतागून, कुणी काही सांगत असलं की आपण देतो तसा नुसता हुंकार दिला.

"हं."

आणि बाबा पुढची ओळ म्हणाले. मी शब्द दिला नव्हता. मी पेपरावरून मान वर केली नाही, भीतीच वाटली. ती ओळ संपल्यावर पुन्हा म्हटलं, हं. तिसरी ओळ आली. हं. चौथी आली, चारा आणि थारासकट, आणि प्रत्येक ओळीनिशी आवाज मोकळा होत गेला. मग मी पेन खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, दार लोटलेलं आहे ना हे बघून, हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू विचारत होते, एवढा वेळ कुठे गेली होतीस.

मी रडले. पेपर भिजला, त्या पोराला मी दोन गुण जास्त दिले.

मग मला कळलं मी काय केलं होतं. मी गाऱ्हाण्याला पुस्तकातली कविता समजले होते. एका माणसाने लिहिलेली, एका माणसाने वाचायची, ध्रुवपद एकदा छापून पुढे सोडून द्यायचं. एका ओळीला दुसरीशी बांधणारी गाठ मी यमकात शोधत होते आणि ती गाठ मीच वगळून टाकली होती. दोन ओळींच्या मधली जागा दुसऱ्यांची होती. ती भरल्याशिवाय बाबांनी पुढे जावं कसं? देवाला सांगितलेलं माणसांनी ऐकलं की नाही हे कळल्याखेरीज पुढचं मागायचं नसतं. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की ध्रुवपदामुळे कवितेला गेयता येते. गेयता!

त्यानंतर आमची गाडी धावू लागली. मावशीसुद्धा येऊन 'व्हय म्हाराजा' म्हणू लागल्या. त्या मूळच्या दापोलीकडच्या, त्यांची तऱ्हा वेगळी, पण बाबांना चालायचं. फेब्रुवारी सरता सरता गाऱ्हाणं एका जागेपर्यंत येऊन पोचलं आणि तिथे घोडं अडलं.

ती जागा शेवटाकडे येते. इडा जावदे, पिडा जावदे, इघ्नाचा वारा वहाळापल्याड जावदे, इथपर्यंत सगळं ठरलेलं. त्यानंतर म्हणायचं, आनी म्हाराजा, ह्या साली ह्या वाडीवर जा काय आला असंल... आणि इथून पुढे काही ठरलेलं नाही. इथे त्या वर्षी वाडीवर जे काही आलं असेल ते सांगायचं. कुणाचा बांध फुटला, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाचा पोरगा मुंबईत बसून आहे. दरवर्षी नवीन. ते सांगून झालं की पुन्हा ठरलेली शेवटची ओळ: ता समदा तू मनावर घे, आनी पुढल्या साली हसतमुखान आमच्या दारी ये. पाठ केलेल्या दोन भिंतींच्या मध्ये ही एक मोकळी खोली आणि बाबांच्या डोक्यातली नेमकी तीच खोली बंद पडलेली. 'जा काय आला असंल' म्हणून ते थांबायचे. ओठ हलायचे. 'व्हय म्हाराजा' म्हणून उपयोग नव्हता, कारण होय म्हणायला त्यांनी काही सांगितलेलंच नव्हतं.

मी शक्कल काढली. एक साधं मागणं लिहिलं, समद्यांना सुखी ठेव, कुनाला काय कमी पडू देव नको. हे पाठ करून घेतलं की भोक बुजलं. बाबांनी ते एकदा ऐकलं आणि तोंड फिरवलं. मी पुन्हा वाचलं, तर ती चहाच्या वेळची शिवी मिळाली. मग मला आठवलं की शिमग्याआधी ते वाडीत घरोघर जायचे. ओटीवर बसून पान खायचे आणि यंदा काय सांगायचं ते विचारून घ्यायचे. सगळं डोक्यात ठेवायचे, कुणाचं विसरायचे नाहीत. यंदा ते माझ्या तिसऱ्या मजल्यावर अडकलेले, वाडीत कुणावर काय आलं त्यांना ठाऊक नाही, आणि मी त्यांच्या हातात सगळ्यांना पुरेल असं एक शिळं मागणं देत होते. मी तो कागद फाडला.

भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला की मागच्या एका वर्षाचं गाऱ्हाणं मोबाईलवर कुणीतरी रेकॉर्ड केलेलं आहे, बाबांनी नुसतं उभं राहायचं, आपण ते लावू. त्याने हे काकांनाही कळवलं. काकांनी त्याला जे उत्तर दिलं ते त्याने मला हसत हसत सांगितलं.

"लावा की. पन मंग देवालाबी मोबाईलवरच बोलवा."

शिमग्याला भाऊ आला. चाकरमान्याला गणपतीला आणि शिमग्याला रजा मिळते, बापाच्या आजारपणाला मिळत नाही. त्याने गाडी केली होती. हायवेच्या कामात धूळ खात, वळणं घेत, बाबांना उशांच्या आधाराने बसवून आम्ही वाडीत पोचलो. वाटेत भाऊ मला म्हणाला की उगाच ताणू नकोस, अडलं की काका घेतील, चार माणसांत शोभा नको. मी म्हटलं, बरं. खरं सांगायचं तर मी इतकी दमले होते की गाऱ्हाणं कुणीही घेतलं तरी मला चाललं असतं. रात्री तीनदा उठून सकाळी पहिल्या तासाला उभं राहायचं, असे कित्येक महिने गेले होते. माझी पाठ दुखत होती, मी दोन दिवस नीट जेवले नव्हते, आणि नऊवारी नेसून ओटीचं ताट धरून पुन्हा उंबऱ्याच्या आत उभी होते. पुढे कॉलेजातल्या एका बाईंनी मला विचारलं की तुम्हाला सगळं पाठ होतं तर तुम्हीच का नाही म्हटलं. मला तेवढी हौस नव्हती, एवढंच उत्तर आहे.

पालखी उन्हं कलताना आली. ढोल वहाळाच्या वळणावर वाजायला लागला आणि बाबा कुणी न सांगता खाटेवरून उठले. पांढरा सदरा, टोपी, डाव्या हातात काठी. उजव्या बाजूने भावाने दंड धरलेला. डाव्या बाजूला काका येऊन उभे राहिले, घसा खाकरून तयार. त्यांनी नवीन टोपी घेतली होती, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. पालखी चौरंगावर टेकली, ढोल थांबला, अंगण माणसांनी भरलेलं. सगळे बाबांकडे बघत होते, आणि अनेकांना त्यांची दशा त्याच वेळी पहिल्यांदा दिसत होती.

बाबांनी तोंड उघडलं. पहिली ओळ जड आली, 'खालच्या'चा 'ख' घशातच राहिला. पण अंगणाने होकार दिला, आणि तो माझ्या हॉलमधला होकार नव्हता. पन्नासेक छात्यांतून तो आला आणि बाबांची मान ताठ झाली. दुसरी ओळ आली. चुकला माकला आला. चारा आला, थारा आला. वाट आणि भात आले. ओळ आणि होकार, ओळ आणि होकार, आणि भावाने कधी बाबांचा दंड सोडला ते त्यालाही कळलं नसेल. मी ताट धरून ओठांतल्या ओठांत मोजत होते की आता किती उरलं. इडा गेली, पिडा गेली, इघ्नाचा वारा गेला.

"आनी म्हाराजा, ह्या साली ह्या वाडीवर जा काय आला असंल..."

आणि बाबा थांबले.

त्यांचे ओठ हलत होते. काठी कलली होती. एक मूल रडायला लागलं आणि त्याला कुणीतरी आत नेलं. मी काकांकडे पाहत होते. त्यांनी श्वास भरून घेतला, छाती वर आली, एक पाऊल पुढे टाकलं. त्यांना फक्त वाडीचं वर्षाचं दुखणं सांगायचं होतं, ते सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि मान वरच्या घरी गेला असता. भावाने मान खाली घातली.

त्या थांबण्यात मी डोळे मिटले. बाबांचं बोलणं येऊ दे असं मी मागितलं नाही. मान राहू दे असंही नाही. मी मागितलं की देवा, आता पुरे. मी दमले. हे संपव. एवढेच शब्द होते. कुणाचं काय संपव, ते मी सांगितलं नाही आणि तेव्हा मला स्वतःलाही ते नीट माहीत नव्हतं.

मग काकांचा आवाज आला. भरून घेतलेल्या त्या सगळ्या श्वासानिशी ते म्हणाले,

"व्हय म्हाराजा."

आणि त्यांच्यामागून अख्खं अंगण म्हणालं, व्हय म्हाराजा. बाबा काही बोललेले नव्हते आणि त्यांच्या न बोलण्याला सगळ्या वाडीने होकार दिला. प्रत्येकाने त्या रिकाम्या जागेत आपापलं काय घातलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. मी डोळे उघडले तेव्हा माझ्या हातातलं ताट कलंडलं होतं आणि तांदूळ उंबऱ्यावर सांडत होते. मी जे मागितलं होतं त्यालाही एवढ्या माणसांनी होय म्हटलं होतं. ते परत घ्यायला गाऱ्हाण्यात कुठे जागा नसते. बाबांनी काठी सरळ केली आणि ते शेवटची ओळ म्हणू लागले.